गॉगल जमवताय? मग थांबायचं कुठे, तेही आत्ताच ठरवा

गणपती विसर्जन झालं की मी कपाटं आवरतो. तीन वर्षांपूर्वी असाच खालचा खण उघडला आणि गॉगलची एक केस हातात घेतली. आतला गॉगल उचलायला गेलो तर तो पुसायच्या फडक्यासकट वर आला. काड्यांच्या टोकांवरचं रबर विरघळून गुळाच्या पाकासारखं झालं होतं आणि फडकं त्यात कायमचं रुतलं होतं. साडेअकरा हजारांचा गॉगल. घातला होता दोनदाच: एकदा आरशासमोर आणि एकदा मेव्हण्याच्या साखरपुड्यात.

खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं. कारण त्याच खणात, मागच्या बाजूला, तोच गॉगल आणखी एक निघाला. तीच कंपनी, तोच रंग. तो कधी घेतला, ते मला आजही आठवत नाही.

ज्यांच्याकडे नुकतेच सात-आठ गॉगल झालेत, 'आता एकच घेतो' असं जे दर महिन्याला म्हणतात आणि ऑफिसात ज्यांची 'गॉगलवाला' अशी ओळख व्हायला लागलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाद सोडा असं मी सांगणार नाही. मी स्वतः सोडलेला नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मोल असतं आणि ते बिलावर छापलेलंही असतं. आपण बिल फेकून देतो, एवढंच.

माझा मुद्दा एकच आहे. गॉगल म्हणजे नाणं नव्हे. शिवराई चाळीस वर्षं डब्यात ठेवली तरी ती शिवराईच राहते. गॉगल कोकणपट्टीच्या हवेत नुसता ठेवला तर खराब होतो. त्यामुळे आपण किती गॉगल विकत घेऊ शकतो यापेक्षा किती धड ठेवू शकतो, तो आकडा खरा. तो आकडा आला की थांबायचं. तो काढायचा कसा, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी हे जमवून ठेवा

कागदपत्रं:
- क्रेडिट कार्डाची गेल्या किमान १२ महिन्यांची स्टेटमेंट
- यूपीआयचे व्यवहार (ॲपमध्ये दुकानाच्या नावाने शोधलं की सापडतात)
- ऑनलाइन ऑर्डरची यादी, रद्द आणि परत केलेल्या धरून
- सापडतील ती बिलं, वॉरंटी कार्डं, परदेशातून मागवलं असेल तर कस्टम ड्युटीच्या पावत्या

सामान:
- एक पांढरी डबल बेडची चादर
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर
- दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब
- सिलिका जेलच्या पुड्या
- वही. एक्सेल नको. एक्सेलमध्ये रकाना लपवता येतो, मी लपवलेला आहे.

वेळ एका रविवारचा. घरात कोणी नसेल असा रविवार निवडू नका. घरचे असू द्या, फायदा होतो. कसा, ते पुढे येईल.

१. सगळे गॉगल एका चादरीवर मांडा

सगळे म्हणजे सगळे. गाडीच्या डॅशबोर्डातले, ऑफिसच्या ड्रॉवरमधले, ट्रेकच्या सॅकमधले, आईकडे 'तात्पुरते' ठेवलेले. मोजायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर अंदाज लिहा: नग किती आणि एकूण खर्च किती.

माझा अंदाज होता २८ नग आणि दीड लाख रुपये. चादरीवर ४३ आले. खर्च कितीचा निघाला ते दुसऱ्या पायरीत. आईने फक्त एवढंच विचारलं, "डोळे किती रे तुला?"

२. प्रत्येकाची एक ओळ लिहा

रकाने सहा: मॉडेल, माप, कधी घेतला, मूळ किंमत, वरखर्च, शेवटचा कधी घातला.

मॉडेल आणि माप काडीच्या आतल्या बाजूला किंवा नाकाच्या पट्टीवर छापलेलं असतं. नवख्यांना ते गूढ वाटतं, पण सोपं आहे. समजा 'आरबी ३०२५ एल०२०५ ५८□१४ १३५ ३एन' असं लिहिलंय. आरबी ३०२५ म्हणजे रेबॅनचा नेहमीचा एव्हिएटर. एल०२०५ हा रंगाचा क्रमांक: सोनेरी फ्रेम, हिरवट काच. ५८ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि १३५ ही काडीची लांबी. शेवटचा ३ म्हणजे काच किती गडद आहे त्याची श्रेणी. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि आपल्या उन्हाला ती पुरते. चौथी त्याहून गडद, ३ ते ८ टक्क्यांची, आणि ती घालून गाडी चालवायची नसते. 'एन' म्हणजे साधी काच, 'पी' म्हणजे पोलराइज्ड, चकाकी कमी करणारी.

हे वाचता यायला लागलं की एक गंमत कळते. आपण 'वेगवेगळे' म्हणून घेतलेले चार गॉगल प्रत्यक्षात एकाच मॉडेलची दोन मापं आणि दोन रंग असतात.

आता पाचवा रकाना, वरखर्च. इथे लोक स्वतःला फसवतात. परदेशी विक्रेत्याकडून घेतलेला माझा एक गॉगल मी मित्रांना "नऊ हजारांचा" म्हणून सांगत असे. कुरियर, कस्टम ड्युटी, त्यावरचा कर, कुरियर कंपनीने ती ड्युटी भरल्याबद्दल लावलेलं शुल्क, कार्डावरचा परकीय चलनाचा मार्कअप, आणि आल्यावर बदललेले नोजपॅड (नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या) असं सगळं धरलं तर तो तेरा हजार आठशेला पडला होता. दुकानातून घेतला तरी जीएसटी आहेच. गॉगलवर १८ टक्के. म्हणजे १३,००० छापील किमतीच्या गॉगलमध्ये दोन हजारांच्या जवळपास नुसता कर. उद्या तो कोणाला विकायला गेलात तर ते दोन हजार काही परत मिळत नाहीत.

माझी बेरीज झाली २,९४,६००. अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. बेरीज मी तीनदा केली. बायकोने एकदाच केली, तिची पहिल्याच वेळी जुळली.

३. आरशासमोर उभे राहा

प्रत्येक गॉगल घालून तीन गोष्टी करा. मोकळेपणाने हसा: फ्रेम गालावर टेकून वर उचलली जाते का? खाली वाकून बुटाची लेस बांधा: घसरतो का? डोळ्यांची उघडझाप करा: पापण्यांचे केस काचेला लागतात का?

धातूच्या फ्रेमला नोजपॅड असतात, त्या वाकवून जुळवता येतं. जाड ॲसिटेटच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, फ्रेममध्ये नाकाची जागा घडवलेलीच असते, तिथे काही करता येत नाही. काड्या गरम करून वळवता येतात, पण नाक आणि फ्रेम यांचं जमलं नाही तर नाहीच जमत. रेबॅनच्याच वेफेअरर या जाड फ्रेमच्या मॉडेलचं घ्या: मूळ वेफेअररची फ्रेम खालच्या बाजूने आत, गालाकडे कललेली असते. मला तो गॉगल फार आवडतो, आणि मी हसलो की तो भुवयांवर चढतो. असे माझ्याकडे तीन होते. तीन! पहिला बसत नाही हे कळल्यावर मी दुसऱ्या रंगात घेऊन पाहिला होता.

४३ पैकी खरोखर नीट बसणारे निघाले १९. बाकीचे २४ मी डोळ्यांसाठी घेतलेच नव्हते, केस उघडायच्या त्या क्षणासाठी घेतले होते.

४. हवा काय करते ते पाहा

ही पायरी घाईत उरकू नका. गॉगल जमवणाऱ्यांना जी माहिती परदेशातून मिळते ती कोरड्या हवेतल्या लोकांनी दिलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद कपाटात बुरशी चामड्याच्या चपलेवर चढते, ती गॉगलच्या केसवर का नाही चढणार? एकेक नग खिडकीजवळ नेऊन तपासा.

रबर: स्पोर्ट्स गॉगलच्या नाकावर आणि काड्यांवर मऊ रबर असतं, काही फ्रेमना वरून रबरासारखा मुलायम थर दिलेला असतो. दमट हवेत काही वर्षांनी हे चिकट होतं, नाहीतर कडक होऊन तुकडे पडतात. घाम लागला नाही, घातलाच नाही, तरीही होतं. माझ्या त्या साडेअकरा हजारांचं हेच झालं. काही मॉडेलचं रबर वेगळं मिळतं, पण बंद पडलेल्या मॉडेलचं शोधत फिरावं लागतं आणि मग रबराची किंमत ऐकून घाम फुटतो.

धातू: बिजागरीपाशी आणि नोजपॅडच्या मुळाशी हिरवट थर दिसतोय? पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तोच प्रकार. घाम आणि तांबं असलेला मिश्रधातू एकत्र आले की व्हायचंच. लवकर दिसला तर साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. मुलामा खरवडला गेला असेल तर मात्र थर परत परत येत राहतो.

ॲसिटेट: नाकाजवळ घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फ्रेम आतून विघटित होतेय. तिच्यातून ॲसिडची वाफ सुटते आणि ती शेजारच्या फ्रेमलाही बाधते, धातूलाही. ती फ्रेम आधी वेगळी काढा. आणि इथेच नवखे लोक मोठी चूक करतात, मीही केली: सगळे गॉगल हवाबंद डब्यात ठेवतात. ॲसिटेटला थोडी हवा लागते. सिलिका जेल ठेवा, पण डबा ठार बंद नको. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने तर ॲसिटेट मुळीच पुसू नका, चमक जाते.

काच: पोलराइज्ड काचेत दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. मे महिन्यात डॅशबोर्डवर राहिलेल्या गॉगलचे थर कडेने सुटतात आणि तिथे इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे दिसतात. यावर उपाय नाही, काचा बदलायच्या. याउलट खनिज काच, म्हणजे खरी काच, वर्षानुवर्षं टिकते. पडली तर फुटते, तो भाग वेगळा.

या तपासणीत माझे पाच गॉगल बाद झाले. त्यांची मूळ किंमत वहीत लाल पेनाने लिहिली. बाकी काही लक्षात राहिलं नसतं तरी ते पान राहिलं असतं.

५. आता आकडा ठरवा

गॉगल निरोगी राहायला दोन गोष्टी लागतात: महिन्यातून एकदा धुणं-पुसणं, आणि अधूनमधून घातलं जाणं. कोमट पाणी, लिक्विडचा थेंब, फडक्याने कोरडं करणं, बिजागरीचा स्क्रू पाहणं. मला एका गॉगलला पाच मिनिटं लागतात. महिन्यातल्या एका रविवारी या कामाला मी फार तर दीड तास देईन. नव्वद भागिले पाच, अठरा.

झाला माझा आकडा. त्यात अध्यात्म काही नाही. तुमचा दहा येईल, तीसही येईल. तीस आला तर तुम्हाला महिन्याला अडीच तास मोकळे आहेत, तुमचा हेवा वाटतो.

आकड्याबरोबर विषयही ठरवा, आणि विषय असा हवा ज्याला शेवट आहे. 'मला आवडतील ते' हा विषय नव्हे, ते खातं कधी बंद होत नाही. माझा विषय आहे बॉश अँड लॉम्बच्या काळातले खऱ्या काचेचे एव्हिएटर. १९३७ मध्ये या अमेरिकी कंपनीने रेबॅन नावाने हा गॉगल बाजारात आणला आणि १९९९ मध्ये हा सगळा धंदा इटलीच्या लुक्सॉटिकाला ६४ कोटी डॉलरना विकला. म्हणजे १९९९ नंतर या यादीत नवीन काही येणारच नाही. दुसऱ्या कोणाला पर्सोल ही इटलीची कंपनी आवडेल. ट्यूरिनच्या ट्रामचालकांसाठी १९५७ मध्ये केलेला ६४९ नंबरचा गॉगल आणि त्याच्यावरून आलेला, घडी होणारा ७१४, एवढ्या दोघांचाच नीट संग्रह करता येतो. ओकली या कंपनीच्या धातूच्या एक्स-मेटल कुटुंबाचंही तसंच, रोमिओ १९९७ चा आणि मग त्याची भावंडं.

फक्त 'प्रत्येक रंगात एक' हा विषय घेऊ नका. रंग कंपनी ठरवते, दर हंगामात ठरवते.

तिसरी मर्यादा वर्षाच्या पैशांची. माझी पद्धत अशी: घरच्या सहलीला वर्षाला जेवढे बाजूला काढतो, त्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त गॉगलला नाही, आणि दुरुस्ती त्यातच. हा आकडा घरच्यांसमोर ठरवा. म्हणूनच तो रविवार त्यांच्यासोबतचा. बायकोने माझा आकडा ऐकून घेतला आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला. माझ्या अक्षरातले आकडे मला खोडता येतात.

६. बाजारातले सापळे

'शेवटचा पीस आहे, साहेब.' बंद पडलेल्या मॉडेलच्या बाबतीतही शेवटचा पीस सहसा शेवटचा नसतो. सहा महिन्यांत दुसरा दिसतो.

सेल. ४० टक्के सूट मिळाली म्हणजे ४० टक्के वाचले असं नाही, ६० टक्के गेले. दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात गॉगलच्या दुकानासमोरून जाणंच टाळा.

बिनव्याजी हप्ते. हप्ता छोटा दिसतो म्हणून एका वेळी तीन चालू होतात. माझे चार चालू होते. त्यातच एखाद्या महिन्यात कार्डाची फक्त 'किमान रक्कम' भरली की संपलं: उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. गॉगलसाठी किमान रक्कम भरायची वेळ आली तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका, आठवीवर जा.

फर्स्ट कॉपी. ओरिजिनल परवडत नाही तोवर ही घेऊ, असं करत पंधरा जमतात. पैशांपेक्षा इथे डोळ्यांचा प्रश्न मोठा आहे. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर त्या मोठ्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. काच किती काळी यावरून काही कळत नाही, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती अडवते का, हे महत्त्वाचं. बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत हे तपासायचं छोटं यंत्र असतं. विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

'व्हिंटेज' नावाचा माल. मला एका विक्रेत्याने सत्तरच्या दशकातला म्हणून एक एव्हिएटर विकला. घरी भिंगाखाली पाहिलं तर काचेच्या कडेला 'आरबी' कोरलेलं. बॉश अँड लॉम्बच्या जुन्या काचांवर बिजागरीच्या बाजूला बारीक 'बीएल' असतं, 'आरबी' ही लुक्सॉटिकाच्या काळातली खूण. म्हणजे काच तरी नंतरची, किंवा अख्खा गॉगलच. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' आहे. भिंग दोनशे रुपयांना मिळतं, मी ते साडेसात हजार घालवल्यावर घेतलं.

आणि सगळ्यांत गोड सापळा, 'गुंतवणूक'. काही दुर्मिळ नगांना चांगली किंमत येते, खोटं नाही. पण ते नग न वापरलेले, मूळ केस आणि कागदांसकट, कोरड्या हवेत ठेवलेले असतात. आपल्या खणातल्याला ती किंमत येईल असं धरून खरेदी करणं म्हणजे बाजारात तुरी.

७. थांबायची वेळ आली हे कशावरून ओळखाल

यातली दोन लक्षणं असतील तर सावध व्हा. चार असतील तर आजपासून खरेदी बंद.

- पार्सल घरच्या पत्त्याऐवजी ऑफिसवर मागवता, किंवा वॉचमनला सांगून ठेवता की वर पाठवू नकोस.
- किंमत विचारली की कमी सांगता. (मी सरसकट निम्मी सांगायचो. बायको सरसकट दुप्पट धरायची. संसार असा चालतो.)
- आधीचं पार्सल यायच्या आत पुढचा शोध सुरू होतो.
- टॅग न काढलेले गॉगल तीनपेक्षा जास्त आहेत.
- एक विकून आलेल्या पैशांत दोन घेता.
- आहे तोच पुन्हा घेता.
- शोधण्यात मजा येते, घालण्यात येत नाही.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात उशिरा कळलं. रात्री साडेअकराला मोबाइलवर गॉगल बघत पडायचो आणि सकाळी नेहमीचा जुना, डाव्या काचेला चरा गेलेलाच घालून स्टेशनला जायचो.

उधारी, पगाराच्या आधीच पगार संपणं, ठरवूनही हात न थांबणं इथवर गोष्ट गेली असेल तर हा लेख पुरणार नाही. समुपदेशकाशी किंवा मनोविकारतज्ज्ञाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

८. जादाचे गॉगल बाहेर काढा

४३ मधून १८ ठेवायचे, म्हणजे २५ बाहेर. पाच खराब होते, ते सुट्या भागांसाठी ओळखीच्या चष्मेवाल्याला दिले. त्यातून त्याने मला नंतर दोन स्क्रू आणि एक काडी फुकट बसवून दिली. सहा वाटले. वाटताना एक करा: समोरच्याच्या चेहऱ्याला बसतो का ते आधी बघा, नाहीतर आपला कचरा त्याच्या खणात जातो. माझ्या चुलत भावाने एका फ्रेममध्ये नंबरच्या काचा बसवून घेतल्या आणि तो रोज घालतो. चांगली फ्रेम सार्थकी लावायचा हा उत्तम मार्ग. फक्त जुनी फ्रेम तापवताना तुटली तर जबाबदारी कोणाची, हे दुकानात आधी बोलून घ्या.

उरलेले १४ विकले. विकताना हे हाताशी ठेवा: बिल, मूळ केस, कार्ड, काडीवरच्या मजकुराचा जवळून फोटो, आणि प्रत्येक चऱ्याचा फोटो. चरा लपवलात तर माणूस घरी येऊन भाव पाडतो, दाखवलात तर येतानाच ठरलेले पैसे घेऊन येतो.

पैसे घेताना सावध. 'क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पैसे येतील' असं कोणी म्हणालं तर समजून जा. पैसे मिळण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. माणसाला स्टेशनजवळ, गर्दीच्या ठिकाणी भेटा, पैसे खात्यात दिसले की गॉगल हातात द्या.

त्या १४ नगांवर मी १,१२,००० घातले होते. आले ५१,३००. एकेका विक्रीच्या वेळी टोचलं. पण पुढे नवा गॉगल दिसला की मी त्याच्या किमतीच्या शेजारी मनात निम्मा आकडा लिहून बघतो. हल्ली ती सवयच झाली आहे.

आलेले पैसे लगेच कार्डाच्या थकबाकीत भरा. खात्यात राहू देऊ नका, ते गॉगलच्या दिशेने चालायला लागतात.

९. पुन्हा सुरू होऊ नये म्हणून

खरेदीच्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकायचा कंटाळा हा मोठा मित्र आहे. सेलच्या सूचना बंद करा. अठराव्यानंतर एक आत तर एक बाहेर, आणि बाहेरचा आधी.

काही आवडलंच तर वहीत लिहायचं: मॉडेल, माप, मागितलेली किंमत, तारीख. मग ३० दिवस काही करायचं नाही. ३० दिवसांनीही हवाच वाटला, आकड्यात बसला, वर्षाच्या पैशांत बसला, तर घ्या. गेल्या दोन वर्षांत मी अशा २६ नोंदी केल्या आणि त्यातले तीन घेतले. उरलेल्यांपैकी बऱ्याच नोंदी आता वाचल्या तर तो गॉगल डोळ्यांसमोरही येत नाही.

आणि बघायला जायचं बंद करू नका. मुंबईत चोर बाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल मांडतात, तिथे मी अजूनही जातो. कार्ड घरी, मोबाइलमधलं यूपीआय ॲप बंद, खिशात परतीचं तिकीट आणि चहा-नाश्त्यापुरते दोनशे रुपये. हात लावायचा, काडी उघडून आकडे वाचायचे, काच उजेडात धरायची, भिंग काढायचं. विक्रेते ओळखतात आता, "भिंगवाले आले" म्हणतात.

मागच्या शुक्रवारी गेलो होतो. वहीतली नोंद अशी: सोनेरी एव्हिएटर, ६२□१४, खरी काच, दोन्ही बाजूंना 'बीएल' स्वच्छ दिसतंय, उजव्या नोजपॅडच्या मुळाशी हिरवं, केस नाही. मागितले ४,५००. मोठा आहे, पण गालाला टेकत नाही. अठरातला कोणता बाहेर काढायचा ते अजून ठरलेलं नाही.